परदेशात उद्योग काढताना : व्हिसाचा कायदा आणि आपले तरुण

परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती ही गोष्ट आता आपल्या समाजाला अपरिचित राहिलेली नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही खेड्यातील होतकरू मुलगा-मुलगी त्यासाठी अर्ज करू शकते. अर्ज कसा भरावा, प्रवेश कोठे घ्यावा, इंग्रजीची परीक्षा कशी द्यावी, याबद्दल आता बरेच मार्गदर्शन मिळते. पण पदवी हाती पडल्यावर त्या मुलाला तेथेच स्वतःचा एखादा लहानसा उद्योग, ज्याला हल्ली स्टार्टअप म्हणतात तो, काढावासा वाटला तर कायदा त्याला काय म्हणतो, हे मराठीत फारसे कोणी सांगत नाही. नोकरी मागणारे होण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. तेव्हा ही बाजूही सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा प्रश्न केवळ माहितीचा नाही, त्यात मोठा धोका आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थी-व्हिसावर शिकणाऱ्याला ठरावीक तास नोकरी करता येते, परंतु स्वयंरोजगार करता येत नाही. समजा, आपल्या एका विद्यार्थ्याने संगणकाचा एखादा उपयुक्त कार्यक्रम तयार केला आणि दोन दुकानदारांना विकून स्वतःच्या नावाने बिल फाडले. त्याच्या शेजारच्या बाकावरील इंग्रज मुलाने हेच केले तर प्राध्यापक पाठ थोपटतील. आपल्या मुलाने केले तर तो व्हिसाच्या शर्तीचा भंग ठरतो. व्हिसा रद्द होऊ शकतो आणि शिक्षण अर्धवट राहू शकते. बहुतेक देशांच्या अर्जात पूर्वी कधी व्हिसा नाकारला अथवा रद्द झाला होता काय, हा प्रश्न असतोच. त्यामुळे एका देशातील डाग दुसऱ्या देशापर्यंत सोबत येतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी समुद्रापार गेले आहे, त्या घराला हा फटका परवडणारा नाही.

व्यापारासाठी परमुलखात जाणे आपल्या परंपरेला नवे नाही. भगवान बुद्धांचे पहिले उपासक तपुस्स आणि भल्लिक हे गाड्यांचा तांडा घेऊन निघालेले व्यापारीच होते. आपल्याच जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगराचे नाव येते आणि तेथील कापड बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जात असे, असे सांगितले आहे. तेरच्या उत्खननात रोमन धर्तीच्या वस्तूंबरोबर स्तूपाचे अवशेषही मिळाले. तेथील लामतुरे संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे, एस.टी.ने जाता येण्यासारखे आहे. कार्ल्याच्या चैत्यातील शिलालेखांत तर स्तंभांसाठी दान देणाऱ्या यवनांची नोंद आहे. म्हणजे परका माणूस इथे येत होता, धंदा करीत होता आणि संघाला दानही देत होता. त्या काळी सगळे मोकळे होते असे मात्र समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तो एक माषक घेऊन मुद्रा देई. मुद्रेवाचून जनपदात शिरणाऱ्याला किंवा बाहेर पडणाऱ्याला १२ पण दंड होता. परवाना, फी आणि दंड ही त्रयी अशी दोन हजार वर्षांची जुनी आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या त्या दिवसांत पासपोर्ट-व्हिसाचे आजच्यासारखे जाळे नव्हते. बाबासाहेबांना बांधून ठेवणारा कागद वेगळाच होता. बडोदे संस्थानाशी त्यांनी करार केला होता, दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात त्यांचे काय हाल झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मुंबईस आल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेला तो माणूस होता. या कामाला त्याच्याहून लायक मनुष्य त्या वेळी मुंबईत किती असतील? पण पेढीचा चालक अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. भांडवल, कल्पना, विद्या या गोष्टींअभावी ती बुडाली नाही. पाठीशी कोणी उभे राहिले नाही म्हणून बुडाली. ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम सांगत आहोत, कारण आजच्या व्हिसाच्या कायद्यांत हाच मुद्दा वेगळ्या वेषात समोर येतो.

आपल्या देशातून बाहेर जाण्याचा हक्क कसा आला हेही थोडक्यात पाहू. ब्रिटिश सरकारने १९२० साली पासपोर्टचा कायदा केला, पण तो देशात येणाऱ्यांसाठी होता. बाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट द्यावा की नाही हे स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे सतवंत सिंग साहनी यांचा पासपोर्ट सरकारने परत मागितला, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. त्याच वर्षी संसदेला पासपोर्ट कायदा करावा लागला. बाबासाहेबांच्या संविधानाने हा दरवाजा उघडला, तोही एका उद्योजकाच्या अर्जावर, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२० चा तो जुना कायदा, परकीय नागरिकांविषयीच्या इतर जुन्या कायद्यांसह, १ सप्टेंबर २०२५ पासून रद्द होऊन त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला.

मात्र आपले संविधान आपल्याला बाहेर जाऊ देते. दुसऱ्या देशात शिरू देणे हे त्या देशाच्या हाती असते. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियातील मोठ्या भूभागातील मजुरांना प्रवेशबंदी केली आणि त्यात हिंदुस्थान होता. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य 'गोरा' नसल्याने नागरिक होऊ शकत नाही असे ठरविले. आधी दिलेली नागरिकत्वेही मग काढून घेण्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुकान चालविणारे वैष्णोदास बगई हे त्यांपैकी एक. ते १९१५ साली पत्नी व मुलांसह भांडवल घेऊन तेथे गेले होते, १९२१ मध्ये नागरिक झाले होते. नागरिकत्व गेले तसा मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, दुकान गेले, हिंदुस्थानात भेटीला येण्यासाठी अमेरिकन पासपोर्टही नाकारला गेला. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. उद्योग स्वतःच्या हिमतीने उभा करता येतो, पण तो ज्या जमिनीवर उभा असतो ती कायद्याची असते. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जागा व नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत निघाली. आज अमेरिकेत जे मराठी डॉक्टर, इंजिनिअर व कारखानदार दिसतात ते बहुतेक त्या १९६५ नंतरचे.

आता आजची स्थिती. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्याला एफ-१ व्हिसा मिळतो. पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित काम करण्यासाठी १२ महिने मिळतात आणि या बारा महिन्यांत स्वतःचा व्यवसाय काढण्यास मुभा आहे, ही पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांना पुढे आणखी २४ महिने मिळतात. मात्र त्या काळात खरा मालक-नोकर संबंध असावा लागतो आणि मालकाने प्रशिक्षणाच्या आराखड्यावर सही करावी लागते. स्वतःच्या कंपनीत स्वतःच मालक म्हणून सही केलेली चालत नाही. येथे पुष्कळ हुशार मुले अडखळतात.

त्यापुढे एच-१बी. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील पदव्युत्तरांसाठी २०,००० असे एकूण ८५,००० नवे परवाने निघतात. उमेदवार त्याहून कितीतरी अधिक असतात. हा नोकरीचा व्हिसा आहे. तो कंपनी मागते, माणूस नाही. स्वतःच्याच कंपनीने स्वतःसाठी तो मागावा काय, याबद्दल वर्षानुवर्षे संदिग्धता होती. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने कंपनीत बहुसंख्य मालकी असलेल्यालाही तो मिळू शकतो असे स्पष्ट केले, पण सुरुवातीला दीडच वर्षासाठी. हा दिलासा पुरता पचण्यापूर्वीच सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. नुकत्याच काढलेल्या, दोन खुर्च्या आणि एक संगणक असलेल्या कंपनीने एवढी रक्कम कोठून आणावी? ज्यांच्याशी व्यापारी करार आहे अशा देशांच्या नागरिकांना अमेरिका गुंतवणूकदाराचा ई-२ व्हिसा देते. त्या देशांच्या यादीत भारत नाही.

खास उद्योग काढणाऱ्यांसाठी व्हिसा असावा म्हणून जॉन केरी व रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांनी २०१० साली विधेयक आणले. ते पारित झाले नाही. त्यानंतरच्या विधेयकांचेही तेच झाले. म्हणून २०१७ साली प्रशासनाने कायदा न बदलता एक नियम केला. कंपनी गेल्या पाच वर्षांत स्थापन झालेली हवी, संस्थापकाचा तिच्यात किमान दहा टक्के वाटा हवा, आणि पात्र अमेरिकन गुंतवणूकदारांनी तीत ठरावीक रक्कम घातलेली हवी. ऑक्टोबर २०२४ पासून हा आकडा ३,११,०७१ डॉलर झाला, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून अधिक. सरकारी अनुदान असेल तर १,२४,४२९ डॉलर पुरतात. त्यावर अडीच वर्षे राहता येते, मुदत एकदा वाढते. हा व्हिसा नव्हे, तात्पुरती सवलत आहे. तिची अंमलबजावणी पुढच्या सरकारने रोखून धरली, न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती रोखणूक उठवली, सरकारने नियमच रद्द करण्याचा प्रस्ताव आणला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. ज्याच्या नशिबात अशी ओढाताण आहे, त्याच्यावर विसंबून कोणी घर बांधावे असे आम्हांस वाटत नाही.

'ग्रीन कार्ड'ची गोष्ट तर निराळीच. नोकरी-उद्योगाच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे निघतात आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपेक्षा अधिक मिळत नाहीत. भारतासारख्या देशाच्या रांगेत माणूस तरुणपणी उभा राहतो आणि केस पिकले तरी तेथेच असतो. कुणाल बहल हे व्हिसा वाढवून न मिळाल्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेतून दिल्लीस परतले आणि २०१० मध्ये त्यांनी व त्यांच्या मित्राने स्नॅपडील सुरू केली. अमेरिकेतील चर्चेत हे उदाहरण तेथील लोकच वारंवार देतात, आपण काय घालवले ते दाखविण्यासाठी.

ब्रिटनचा मार्ग अधिक सरळ आहे. पदवीनंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार करता येतो. त्याची मुदत दोन वर्षांची आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षाचीच मिळेल, पीएच.डी.धारकांना मात्र तीन वर्षे राहतील. त्यापुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेला 'इनोव्हेटर फाउंडर' व्हिसा आहे. पूर्वीची ५०,००० पौंड भांडवलाची सक्ती त्यात काढून टाकली, हे आपल्यासारख्यांच्या दृष्टीने चांगले झाले. पण त्याऐवजी मान्यताप्राप्त संस्थेचे शिफारसपत्र लागते. कल्पना नवी आहे, चालण्याजोगी आहे आणि वाढण्याजोगी आहे, असे त्या संस्थेने म्हणावे लागते. ती संस्था तपासणीचे १,००० पौंड घेते, पुढे किमान दोन आढावा बैठकांचे प्रत्येकी ५००. आरोग्यसेवेचा अधिभार प्रौढ व्यक्तीस वर्षाला १,०३५ पौंड, तोही तीन वर्षांचा आगाऊ. म्हणजे तेवढेच तीन लाख रुपयांच्या वर झाले. व्हिसाची फी निराळी. हे दर वरचेवर बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या अधिकृत माहितीतच पाहावेत. तीन वर्षांनी उद्योगाची प्रगती दाखविता आली तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला या व्हिसासाठी अर्ज करून तो प्रलंबित असतानाच उद्योगाचे काम सुरू करण्याची मुभा मिळाली आहे.

कॅनडाने २०१३ मध्ये सुरू केलेली स्टार्टअप व्हिसा योजना थेट कायम वास्तव्य देणारी म्हणून फार गाजली. अर्जांचे ढीग साचले आणि २०२५ च्या अखेरीस तिने नवे अर्ज घेणे थांबविले. तरीसुद्धा 'कॅनडा बिझनेस व्हिसा हमखास' अशा जाहिराती करणारे दलाल असतातच. त्यांच्या हाती शेताची किंमत देण्यापूर्वी ही तारीख आठवावी. नेदरलँड्समध्ये मान्यताप्राप्त मार्गदर्शक संस्थेच्या आधाराने एक वर्षाचा परवाना मिळतो. चिलीने २०१० मध्ये उलट परदेशी तरुणांना स्वतःच पैसे देऊन बोलावले होते, पण स्पॅनिश शिकून दक्षिण अमेरिकेत जाणारा आपल्या भागातला मुलगा अद्याप आमच्या पाहण्यात नाही. आपला देशही याबाबतीत फार उदार आहे असे नाही. २०१६ च्या धोरणानुसार भारतात दहा वर्षांचे वास्तव्य हवे असणाऱ्या परदेशी गुंतवणूकदाराने दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी रुपये आणावेत आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार द्यावा, अशी अट आहे.

या सगळ्या नियमांत एक सूत्र दिसते. कोणताही देश नुसती कल्पना पाहून दार उघडत नाही. तो विचारतो, तुझ्यावर कोणी पैसे लावले, तुझी शिफारस कोणी केली? ज्याच्या घरात मामा-काका धंद्यात आहेत, ज्याच्या वडिलांचा वर्गमित्र न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक करतो, त्याच्यासाठी हा प्रश्न सोपा असतो. ज्याचे आजोबा सालगडी होते आणि वडील शिक्षक, त्याला बुद्धी असते, पत नसते. बाबासाहेबांच्या पेढीपुढचा अडथळा समाजाचा होता. इथे कायदा जात विचारीत नाही, पण ओळखीपाळखीच्या जोरावर मिळणारी पत विचारतो आणि ती जातीच्या वाटेने आलेली असते. सिअॅटल शहराने २०२३ साली जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी केली, यावरून ही वाट समुद्रापार गेली आहे हे दिसून येते.

ही पत मायदेशात मिळविण्याची सोय काही प्रमाणात झाली आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन'मध्ये अनुसूचित जातींच्या तरुण नवउद्योजकांच्या कंपनीत तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भांडवल घालण्याची तरतूद आहे. हे कर्ज नव्हे, भागभांडवल आहे. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली दलित उद्योजकांची संघटना 'डिक्की' हीही ओळखी जोडून देणारी जागा आहे. आमचे मत असे की, विद्यार्थ्याने परदेशी जाण्यापूर्वीच किंवा शिकत असतानाच आपली कल्पना अशा एखाद्या ठिकाणी मांडून ठेवावी. पुढे ब्रिटनमधील शिफारस करणाऱ्या संस्थेपुढे बसताना हातात एखादे मंजुरीपत्र असणे आणि नुसते प्रगतीपुस्तक असणे यांत फरक पडतो. मात्र शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रातील अटी, विशेषतः शिक्षणानंतरच्या वास्तव्याविषयीच्या, आधी नीट वाचाव्यात.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण गावाकडच्या मुलांचे अर्ज कल्पनेपेक्षा कागदांवरच जास्त अडतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे असते. आधारकार्डावर क्रम उलटा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकानाच वेगळा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक 'ए' तर दुसऱ्यावर दोन. धम्मदीक्षेनंतर किंवा पुढे कधी आडनाव बदललेल्या कुटुंबांत वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे आडनाव सापडते. अशांनी महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाच्या प्रसिद्धीची प्रत काढून ठेवावी. २०२३ मध्ये जिल्ह्याचे व शहराचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले, पण त्यापूर्वीच्या दाखल्यांवर उस्मानाबाद आहे. व्हिसाच्या अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर छापले असेल तेच लिहावे. पासपोर्ट काढताना दहावीचे प्रमाणपत्र अवश्य जोडावे, म्हणजे अल्पशिक्षित कामगारांसाठी असलेला परदेशगमन तपासणीचा शेरा त्यावर पडत नाही.

आणि बँकेचे पुस्तक. ब्रिटनच्या उद्योजक-व्हिसासाठी भारतातून अर्ज करणाऱ्याच्या खात्यात निर्वाहाचे किमान १,२७० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात. मध्येच एक दिवस बहिणीच्या लग्नासाठी त्यातले काही काढले आणि दुसऱ्या दिवशी परत भरले, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.